कंपनीची कागदपत्रे तपासताना या चुका टाळा

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकायचे आणि मास्टर डेटात, म्हणजे कंपनीच्या मूलभूत माहितीच्या पानावर, ‘ॲक्टिव्ह’ असे दिसले की निर्धास्त व्हायचे, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे त्या कंपनीचे नाव कंपनी निबंधकाच्या (कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) नोंदवहीत चालू आहे, एवढेच; तिची देणी फेडण्याची ऐपत त्यातून कळत नाही. चाकणच्या एका परिचित पुरवठादाराने या एका शब्दावर विसंबून नव्या ग्राहकाला मोठ्या उधारीवर माल दिला आणि पैसे थकल्यावर तो माझ्याकडे आला. आम्ही 100 रुपये शुल्क भरून त्या कंपनीची कागदपत्रे उघडली, तेव्हा गोदामातल्या मालापासून येणे रकमांपर्यंत सगळ्यावर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जापोटीचा तारणहक्क, नोंदलेला आढळला, आणि कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल लेखापरीक्षकाने अहवालात उघड शंका व्यक्त केलेली होती. हे दोन्ही कागद पहिली गाडी भरण्यापूर्वीच दाखल झालेले होते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 399 नुसार ते कोणालाही पाहता येतात. लाखोंची उधारी देणाऱ्याने अशा वेळी 100 रुपये वाचवावेत, हे मला मुळीच पटत नाही. मी स्वतः आधी बोजे, मग लेखापरीक्षकाचा अहवाल आणि शेवटी ताळेबंद वाचतो, कारण ताळेबंदाचे आकडे कंपनीने स्वतः मांडलेले असतात आणि ते दाखल झाले म्हणजे निबंधकाने त्यांची ग्वाही दिली असे होत नाही.

नावावरून शोधू नका. 21 अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) बिलावरून किंवा लेटरहेडवरून घ्या, कारण एकाच समूहातल्या कंपन्यांची नावे एका शब्दाच्या फरकाने वेगळी असतात.

मार्चअखेरचा ताळेबंद जुलैत मिळाला नाही म्हणून संशय घेऊ नका. वार्षिक सभेला साधारणपणे 30 सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि सभेनंतर एओसी-4, म्हणजे ताळेबंद निबंधकाकडे दाखल करण्याचा फॉर्म, भरायला आणखी 30 दिवस मिळतात. फेब्रुवारीतही तो दिसला नाही, तर मात्र कंपनीला लेखी विचारा.

जे शुल्क भरून मिळते त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्येच तो मार्ग नाकारला आहे.

न्यायालयात दाखल करायचे असेल, तर डाउनलोड केलेल्या पानावर न थांबता निबंधकाची प्रमाणित प्रत मागवा. कलम 399 नुसार ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य पुरावा ठरते.