पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधून कसं काढावं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानांतले कॉम्प्युटर मी साफ करतो. चोर बहुतेक वेळा फुकटच्या वाटेनं शिरलेला असतो. विंडोज विकत न घेता चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर असतो, नाहीतर फोटोच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत. "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं जी फाइल सांगते, ती उघडूच नका.

नेट तोडा. क्रॅक आणि त्याची झिप फाइल उडवा.

मग 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये तळाशी 'एक्सक्लूजन्स' बघा. तिथं तुम्ही न टाकलेलं फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर काढून टाका, नाहीतर स्कॅन त्या जागेकडं फिरकतच नाही. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, अपडेट करण्यापुरतं नेट जोडा, पुन्हा तोडा आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून त्याचा ऑफलाइन स्कॅन लावा. साधारण 15 मिनिटं लागतात.

इथवर सोपं आहे. पुढच्या टप्प्यावर सुरुवातीला मीही अडलो होतो: स्कॅन स्वच्छ, पासवर्ड बदललेला, तरी गिऱ्हाइकाच्या जीमेलवर परका माणूस बसलेलाच. कारण लुमा, रेडलाइन या जातीची सॉफ्टवेअर नुसते पासवर्ड नेत नाहीत, ब्राउझरमधल्या कुकीजही नेतात. कुकी म्हणजे आधीच झालेलं लॉगिन. ती हातात असली की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. शिवाय यांतली काही माल पाठवून स्वतःला पुसून टाकतात. म्हणून "स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, काळजी नको" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर कधीच बदलू नका. चोर अजून आत असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती जातो. स्वच्छ मोबाइल घ्या आणि पहिल्यांदा ईमेल धरा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. पासवर्ड बदला, मग गूगल खात्याच्या 'युवर डिव्हायसेस'मध्ये जाऊन प्रत्येक अनोळखी मशीन साइन आउट करा. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत ना, ते बघा. मेल परस्पर दुसरीकडं फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही तपासा. हे तपासायचं बहुतेक जण विसरतात. त्यानंतर बँक, मग व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हायसेस', मग उरलेली खाती.

त्याच मशीनवर बँकेचं किंवा जीएसटीचं काम चालत असेल तर माझं मत ठाम आहे: डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्यानं घाला. विंडोज घालायचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून तयार करा. फोटो आणि कागदपत्रं पुसण्याआधी बाजूला काढा आणि नंतर परत आणा, जुन्या सेटअप फाइली मात्र एकही नको.

खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा.

दुकानाच्या ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकांची लॉगिन सेव्ह असतील, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलची असोत वा ईमेलची, तर त्या प्रत्येकाला आजच फोन करून सांगा.