सुट्टे द्या सुट्टे! स्क्रॅचमध्ये दहा सेकंदांचा एसटी गेम बनवा

गेम एवढाच आहे: लाल डबा, कंडक्टर समोर उभा, भाडं स्क्रीनवर आलं, तुमच्या पाकिटात सात-आठ नाणी-नोटा आहेत आणि दहा सेकंदांत बरोबर तेवढेच पैसे काढून द्यायचे, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. स्क्रॅच म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि पाचवी-सहावीतल्या पोराला जरा मदत केली तर एका दुपारी होऊन जातं.

आधी एक गोष्ट ठरवून टाका, पाकीट मर्यादित ठेवायचं. बरेच जण असा गेम बनवताना खाली १, २, ५, १० ची बटणं देतात आणि कितीही वेळा दाबा म्हणतात, मग ती नुसती बेरीज होते, मोठ्यात मोठं नाणं आधी दाबत सुटायचं की झालं, आपल्या नाण्यांमध्ये ती युक्ती कधी फसतच नाही. पण पाकिटात ५ चं एक आणि २ ची तीन नाणी आहेत आणि भाडं ६ रुपये आहे असं करून बघा. हात आपोआप ५ वर जातो, मग १ हवा, तो नाहीये, घड्याळ पळतंय, आणि उत्तर होतं २+२+२. सगळी मजा इथेच आहे! २ आणि ५ ची जोडी अशी फसवते कारण ५ ला २ ने भाग जात नाही, आणि हाच प्रकार २०-५० आणि २००-५०० मध्येपण होतो, म्हणजे ५० ची एक, २० च्या तीन आणि भाडं ६०. एकच काळजी घ्या, पाकिटात १ रुपया टाकला की ६ चा सापळा मेला (५+१), म्हणून सुरुवातीच्या लेव्हलला १ ची नाणी भरपूर द्या आणि पुढे काढून घ्या.

आता बांधणी. "पाकीट" नावाची लिस्ट करा, त्यात नाण्यांच्या किमती टाका. भाडं मात्र रँडम आकडा घेऊन ठरवू नका, नाहीतर कधी कधी असं भाडं येईल की ते त्या पाकिटातून देताच येणार नाही आणि खेळणारा तुम्हाला शिव्या घालेल. उलटं करा: भाडं शून्य करा, लिस्टमधल्या एकेका नाण्यासाठी १ ते २ मधला रँडम आकडा काढा, १ आला तर ते नाणं भाड्यात मिळवा आणि किती नाणी घेतली ते मोजा, तीनपेक्षा कमी किंवा पाचपेक्षा जास्त झाली तर परत पहिल्यापासून. असं केलं की उत्तर असणारच. फक्त ५-२-२-२ सारखे सापळे रँडममधून फार क्वचित येतात, म्हणून वरच्या लेव्हलची पाकिटं आणि भाडी हाताने लिहून ठेवा, आळस करू नका.

मग "नाणं" नावाचा एकच स्प्राइट (स्क्रीनवरचं पात्र), प्रत्येक किमतीचा एक कॉस्च्युम (त्या पात्राचं चित्र), आणि लिस्टवरून फिरत क्लोन, म्हणजे त्या स्प्राइटच्या नकला, बनवायचे. "किंमत" आणि "दिलं" (नाणं दिलं असेल तर १, नाहीतर ०) ही दोन व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायच्या जागा, करताना "फक्त या स्प्राइटसाठी" हा पर्याय निवडायचाच, तो विसरलात तर सगळ्या नाण्यांची किंमत एकच होऊन बसते आणि चूक कुठेय ते शोधत रात्र जाते. क्लोन बनवायच्या आधी किंमत सेट करा आणि दिलं शून्य करा, क्लोन ती घेऊनच जन्माला येतो. क्लोनवर क्लिक झालं की दिलं ० असेल तर १ करा, "हात" या सगळ्यांसाठीच्या व्हेरिएबलमध्ये किंमत मिळवा आणि नाणं वर सरकवा, परत क्लिक केलं तर सगळं उलट.

तपासताना फक्त हात आणि भाडं यांची तुलना करायची. भाडं बनवताना जी नाणी निवडली होती तीच दिली का हे बघत बसू नका, १० च्या नोटेऐवजी कोणी ५ ची दोन दिली तरी ते बरोबरच आहे ना.

"घ्या" असं बटण मात्र ठेवा, बेरीज जुळली की आपोआप पास करू नका, नाहीतर लोक डोळे मिटून टकाटका दाबतात आणि जिंकतात. हातात किती झाले हा आकडापण पहिल्या लेव्हलनंतर लपवा, डोक्यात मोजू दे की. टायमरसाठी स्क्रॅचचा स्वतःचा टायमर आहेच, पण तो सगळी नाणी स्क्रीनवर आल्यावर रीसेट करा.

दिसण्याचं म्हणाल तर नोटांचे फोटो टाकायची काही गरज नाही, रंगीत चौकोन आणि वर मोठा देवनागरी आकडा पुरतो: १० चॉकलेटी, २० हिरवट पिवळी, ५० निळी, १०० जांभळट, २०० पिवळीधमक, ५०० राखाडी, कोणीही ओळखतं. २० चं नाणं बारा कोनांचं काढा. चार आण्याचं नाणं २०११ पासून बाद आहे, तरी मुद्दाम पाकिटात टाका (भाडं ठरवताना मात्र ते धरू नका) आणि त्यावर क्लिक केलं की कंडक्टरने "हे चालत नाही" म्हणायचं. १० च्या नाण्यावर तसं करू नका हं, तेही खोटं म्हणणारे खूप भेटतात पण रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये चौदाच्या चौदा डिझाइन चालतात असं सांगितलंय. स्क्रॅचचं स्टेज ४८० बाय ३६० आहे, नाणं निदान ५० रुंद ठेवा, मोबाइलवर बोट बसलं पाहिजे.

कमी पैसे दिले तर बेल वाजवून खाली उतरवा. जास्त दिले तर गेम संपवू नका, कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देईल, "उतरताना घ्या", आणि स्कोअरमधून तेवढे रुपये कापायचे.