निबंध परीक्षकासाठी नको, आजीसाठी लिहा

'गोदावरीचे प्रदूषण : एक गंभीर समस्या' या शीर्षकाचे निबंध मी इतके तपासलेत की पहिली ओळ न बघता सांगू शकतो : 'दक्षिण गंगा म्हणून ओळखली जाणारी गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते...' खरं आहे, पण यात वाद कुठे आहे? नदी घाणच असावी असं म्हणणारा माणूस नाशिकच्या अख्ख्या रामकुंडावर शोधून सापडायचा नाही.

तेव्हा आधी विषयातून एक ठाम म्हणणं काढा. म्हणजे असं एक वाक्य, ज्यावर समोरचा 'छे, मला नाही पटत' म्हणू शकेल. उदाहरणार्थ, 'नाशिककरांनी घरचा गणपती गोदावरीत नव्हे, घरीच बादलीत विसर्जित करावा.' हे घरात मोठ्याने बोलून बघा, वाद आपोआप सुरू होतो.

मग वही घेऊन आजीजवळ बसा. (आजी नसेल तर विरोधातलं दुसरं कुणीही चालेल. मित्र नको, तो कंटाळून 'हो' म्हणतो.) ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत उतरवा : "दहा दिवस पूजा करायची नि शेवटी बादलीत बुडवायचा? वाहत्या पाण्यातच सोडावा लागतो." बहुतेक मुलं घसरतात ती इथे. ती लिहितात, 'काही लोक अंधश्रद्धेपोटी विरोध करतात.' झालं! आजीने निबंध मिटून ठेवला. विरोधी मुद्दा इतका नीट मांडा, की वाचून तिने म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचंय."

आता पुरावा. 'पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) विरघळत नाही' एवढ्यावर थांबू नका, का ते सांगा. जिप्सम तापवून पीओपी करतात. त्यात पाणी कालवलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं आणि ते घट्ट बसतं. शाडू मात्र नुसती माती, भिजली की सुटते. ग्रंथालयात जाऊन केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मूर्ती विसर्जनाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढा. सावानासारखं (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) 1840 पासूनचं वाचनालय गावात असताना सगळा निबंध मोबाइलवरून उतरवायचं कारण नाही. त्याहून बरं म्हणजे स्वतः करून बघा : लिंबाएवढा वाळलेला शाडूचा गोळा आणि तेवढाच पीओपीचा तुकडा दोन ग्लासांत टाका, तासातासाला बघा, वेळ लिहून ठेवा.

पण थांबा. आजीचा आक्षेप पुन्हा वाचा. ती पीओपीबद्दल बोललीच नव्हती! तिचा मुद्दा मानाचा आहे, आणि ग्लासातला प्रयोग त्याला उत्तर देत नाही. पुरावा भक्कम, पण दुसऱ्याच प्रश्नाचा. निबंधांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

तिला उत्तर द्यायचं तर तिच्याच अंगणातून द्यावं लागतं. पार्थिव मूर्ती मातीची असते, ती मातीत मिळावी हीच तर परंपरा. नदीतली मूर्ती दुसऱ्या दिवशी हात तुटून काठाला लागते. बादलीतली शाडूची मूर्ती पुरती विरघळते आणि ते पाणी जास्वंदीच्या मुळाशी जातं. मान कुठे जास्त राहिला? हा प्रश्न तिला विचारा, उत्तर तिचं तिला देऊ द्या. जिथे ती बरोबर आहे तिथे कबूलही करा : शाडू महाग पडतो, मूर्ती जड होते, लवकर भंगते. कबुली दिली म्हणून बाजू पडत नाही.

क्रमाचं फार डोक्यात घेऊ नका. म्हणणं, तिचा आक्षेप, त्याला उत्तर, मग उरलेली कारणं. सर्वांत जोरकस कारण शेवटी. 'सर्वांनाच माहीत आहे की' आणि 'काळाची गरज आहे' दिसलं की खोडा.

कच्चा खर्डा झाला की आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे "पण..." म्हणेल, तिथे पेन्सिलने खूण करा. दुसरा खर्डा त्या खुणांपासून सुरू करायचा.