हळद-मिरी, केशर अन् डिप्रेशनची गोळी सोबत घ्यायची असेल तर आधी हे करा

रावेर पट्ट्यात माझं मेडिकल आहे, आठवड्यातून एकदोन जण तरी विचारतातच, भो, हळदीच्या कॅप्सूलनं डिप्रेशन जातं म्हणे? मागे एक ताई आली अन् पिशवीतून चार डब्या काढून काउंटरवर मांडल्या, करक्यूमिन म्हणजे हळदीतला मुख्य घटक, अश्वगंधा, केशराच्या कॅप्सूल आणि डॉक्टरनं दिलेली डिप्रेशनची गोळी एस्सिटॅलोप्राम. पहिल्या तीन अर्ध्या संपलेल्या, गोळीची स्ट्रिप मात्र दहा दिवसांपासून तशीच पडून. म्हणे चक्कर येऊन राहिली. येईलच ना ताई, ती गोळी अशी एकदम सोडतात का!

तर पहिलं काम, चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. दुसरं, एका कागदावर दिवसभरात तोंडात जाणारं सगळं लिहायचं, बीपीची, थायरॉइडची, फिटची गोळी, काढा, बाजारातलं चूर्ण, सगळं. अन् तो कागद डॉक्टरला दाखवायचा, मला दाखवला तरी चालेल.

कागद कशाला, ते सांगतो. हळदीत करक्यूमिन साधारण 3 टक्केच, म्हणजे चहाचा चमचाभर हळद, 3 ग्रॅम धरा, त्यात 90 मिलिग्रॅमच्या आसपास. डिप्रेशनच्या अभ्यासांत दिवसाला 500 ते 1000 मिलिग्रॅम दिलेलं असतं, अन् ते पण पोटातून रक्तात नीट जात नाही. म्हणून त्यात मिरीचं पिपेरीन घालतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम करक्यूमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरीन दिलं तर शरीरात पोचणारं करक्यूमिन 20 पट झालं. पण पिपेरीन करतं काय, तर औषध मोडून बाहेर टाकणारी लिव्हरची अन् आतड्याची यंत्रणा थोडी ढिली करतं, आणि ती काही फक्त हळदीसाठी ढिली होत नाही. फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, बीपीची प्रोप्रानोलॉल, यांचं पण रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. डोस तोच अन् असर जास्त.

शेवभाजीच्या तर्रीतल्या हळद-मिरीची भीती नको, ती तेलात असते तेच बरं, करक्यूमिन तेला-तुपातच विरघळतं. मी बोलून राहिलो ते कॅप्सूलचं.

आता सगळं एकत्र घेतलं तर जास्त फायदा का? 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातला 12 आठवड्यांचा अभ्यास आला, 123 जणांचा, काहींना करक्यूमिन, काहींना करक्यूमिन अधिक केशर, काहींना नुसती खोटी, औषध नसलेली कॅप्सूल. खोटीपेक्षा दोन्ही गट सरस, पण केशर घालून जास्तीचं काही मिळालं नाही. अभ्यास लहान आहे, पण केशराचा भाव बघता मी तर एकच घ्या म्हणेन.

म्हणून डॉक्टर हो म्हणाले तरी एका वेळी एकच वस्तू सुरू करा, तारीख लिहा, निदान सहा आठवडे दुसरी जोडू नका, नाहीतर गुण कशाचा अन् त्रास कशाचा कळणारच नाही. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-9 ची, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजायची प्रश्नावली भरा, नऊ प्रश्न, 0 ते 27 मार्क. आकडा वाढत चालला तर कॅप्सूल बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा.

केशर घेणारच असाल तर आधी स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात दोन काड्या टाका. खरी काडी हळूहळू पिवळा रंग सोडते अन् स्वतः लालच राहते, पटकन लाल पाणी करून पांढरी पडली तर रंगवलेली समजा. करडईच्या पाकळ्या केशर म्हणून खपतात, करडई आपल्याला काय नवीन आहे?

हे मात्र अजिबात नको:
- सेंट जॉन्स वर्ट नावाची परदेशी जडीबुटी, डिप्रेशनच्या गोळीसोबत. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त होऊन घाम, थरथर, धडधड सुरू होते, वेळेत दवाखाना गाठला नाही तर जिवावर बेततं. गर्भनिरोधक गोळी पण फेल करते.
- रक्त पातळ करायची गोळी चालू असताना करक्यूमिन कॅप्सूल.
- थायरॉइडवाल्यांनी न विचारता अश्वगंधा. कोणीही घेत असेल अन् डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी बंद.
- गरोदरपणी यातली कुठलीच कॅप्सूल.

अन् प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथं शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच दिवशी घरच्या कोणाला सांगा, डॉक्टरकडे जा, नाहीतर 14416 लावा, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, रात्री पण चालू, मराठीत बोलतात.

ताईची गोळी डॉक्टरला फोन करून परत सुरू केली. अश्वगंधा तिची तिनंच काउंटरवर ठेवली, म्हणे राहू दे भो तुमच्याकडेच, घरी ठेवली तर परत घेईन.