नाशिकमध्ये मिळकतीच्या आणि वारशाच्या कामात वकिली सुरू करताना

नाशिकमध्ये मिळकतीच्या कामाला तोटा नाही. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला, २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे आणि महानगरपालिकेच्या हद्दीलगतची शेते बिनशेती होत आहेत. तरीही या क्षेत्रात येणारे बहुतेक नवे वकील साठेखत आणि खरेदीखत लिहिण्यापासून सुरुवात करतात व मृत्युपत्र, वाटणीपत्र ही कामे पुढे कधीतरी शिकू असे ठरवतात. माझ्या मते ही दोन्ही कामे एकत्रच शिकली पाहिजेत, कारण मालकी हक्कात आज सापडणारे अनेक दोष मागच्या पिढीतील एखाद्या मृत्यूनंतर वारसांची नोंद नीट न झाल्यामुळे निर्माण झालेले असतात.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम सीईटी देऊन करता येतो. शहरात एनबीटी आणि मविप्र ही विधी महाविद्यालये आहेत. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्यांना वकिली करायची नाही, त्यांच्यासाठी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी केलेला एजंट होण्याचा मार्ग आहे. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक असून नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

सनद मिळाल्यावर पहिले वर्षभर एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे बसून फक्त अभिलेख वाचावेत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. सातबारा आणि आठ-अ पाहून थांबू नये. चालू सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्कातील बदलांच्या नोंदींचे, जे क्रमांक दिसतात, त्यातील प्रत्येक फेरफाराची नक्कल मागवून मागे मागे जावे आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारावा, की हे नाव कोणत्या कारणाने लागले आणि आधीचे नाव कोणत्या कारणाने कमी झाले. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे लिहिलेले दिसले, तर ती जमीन एकत्र कुटुंबाची असून तो केवळ कुटुंबाचा व्यवस्थापक आहे असे समजावे आणि बाकीच्या भावांची व बहिणींची वंशावळ मागावी. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालक कर्ता) दिसले तर त्या वेळी अज्ञान असलेला वारस पुढे सज्ञान झाल्यावर त्याने काय केले, हे तपासावे. इतर हक्काच्या रकान्यातील कुळाची, बोजाची किंवा विहिरीतील हिश्शाची नोंद कधीही किरकोळ मानू नये. फेरफार हा मालकी देत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५७ नुसार ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदणीकृत दस्तांच्या यादीचा, साधारण तीस वर्षांचा शोध सोबत घ्यावाच लागतो. पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील वाड्यांसाठी सातबाऱ्याऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका पाहावी, आणि आत राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण असते हेही लक्षात ठेवावे.

बहिणींच्या हक्काचा प्रश्न इतका वारंवार येतो की तो पाठ असावा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केले, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीत ही अट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की ती दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी किंवा विक्री मात्र त्यामुळे मोडत नाही. तेव्हा बहिणीची सही नसलेल्या जुन्या वाटणीची तारीख आणि पुरावा आधी पाहावा.

जिल्ह्याचे काही प्रश्न वेगळे आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही, आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. शेतजमीन विकत घेणारा शेतकरी आहे का, हे कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे पाहावे लागते. सातपूर-अंबडचे औद्योगिक भूखंड भाडेपट्ट्याचे असल्याने तेथे हस्तांतरासाठी एमआयडीसीची संमती लागते.

आता मृत्युपत्र. भारतीय वारसा कायदा, १९२५ मधील कलम ६३ नुसार दोन साक्षीदार लागतात, आणि पुढे न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना त्यातील किमान एकाची साक्ष घ्यावी लागते. म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, कायमचा पत्ता असलेले आणि मिळकतीत हिस्सा नसलेले निवडावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करून घेण्यास सांगतो. अशिलाला नीट समजावून सांगावे की वडिलोपार्जित मिळकतीत तो फक्त स्वतःच्या हिश्शाचीच व्यवस्था करू शकतो, आणि सोसायटीतील सदनिकेसाठी नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) मालक होत नाही, ती वारसांसाठी सांभाळ करते. हयातीतच मुलाला किंवा मुलीला राहते घर अथवा शेतजमीन द्यायची असेल, तर बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. शेतीच्या घरात मृत्यू झाला की तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, कळवण्यास सांगावे.

काम मिळवण्यासाठी बँकांच्या आणि गृहवित्त कंपन्यांच्या पॅनेलवर अर्ज करावा, बांधकाम व्यावसायिकांसाठी जाहीर नोटीस काढून आलेल्या हरकती नोंदवण्याचे काम घ्यावे. अहवाल लिहिताना मात्र जे फेरफार मिळाले नाहीत, ज्या वर्षांची सूची फाटलेली होती आणि ज्या वारसाचा ठावठिकाणा लागला नाही, ते सर्व स्पष्ट शब्दांत नोंदवावे, आणि अशिलाने कितीही घाई केली तरी त्याखाली मालकी निर्वेध, म्हणजे दोष किंवा बोजा नसलेली, असे लिहून सही करू नये.