नसबंदीनंतर पुन्हा संबंध: काय काय तयार ठेवायचं

बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, त्यामुळे पुढची तीन महिन्यांची तयारी हमखास राहून जाते. शस्त्रक्रियेला जाण्याआधीच घरात घट्ट लंगोट किंवा सपोर्टर, पॅरासिटामॉल आणि तीन महिने पुरतील इतके निरोध आणून ठेवा. पत्नीला तांबी बसवलेली असेल किंवा गोळ्या चालू असतील, तर त्या इतक्यात बंद करायच्या नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस लंगोट रात्रीही अंगावर राहू द्या. अंडकोशातले ऊतक सैल असतात. बारीकशी रक्तवाहिनी झिरपली तरी रक्त साठायला जागा मिळते आणि सूज लिंबाएवढी होते. वजन उचलणं आणि सायकल आठवडाभर बंद. वीर्यस्खलनही आठवडाभर नको, यात हस्तमैथुनही आलं, कारण त्या क्षणी नस आकुंचन पावते आणि नुकत्याच बांधलेल्या टोकावर ताण येतो. दोन-तीन दिवसांनी चालेल असंही काही ठिकाणी सांगतात. आम्ही आठवडाच धरू. जिना उतरताना किंवा स्कूटरला किक मारताना जांघेत ओढ लागत असेल, तर आणखी थांबा.

पहिल्या काही वेळा वीर्यात तपकिरी किंवा गुलाबी छटा दिसू शकते, किंचित ओढल्यासारखं दुखतं; घाबरू नका. वाटाण्याएवढी गाठ बहुधा झिरपलेल्या शुक्राणूंभोवती धरते, पुढच्या भेटीत दाखवा. ताप, पू किंवा वाढत जाणारी सूज असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

निरोध नेमका का? कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात जुने शुक्राणू शिल्लक असतात आणि ते स्खलनागणिक थोडेथोडे बाहेर पडतात. म्हणून नुसते तीन महिने मोजून भागत नाही, वीर्यतपासणीचा अहवाल हाती यावा लागतो. तपासणीआधी किमान दोन दिवस संबंध टाळा, डबी लॅबमधूनच घ्या. साध्या निरोधात नमुना धरू नका, त्यातल्या वंगणाने तपासणी बिघडते. पहिलाच भाग सांडला तर तसं लॅबला सांगा, शुक्राणू त्यातच जास्त असतात. डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात पोचवा.

अहवालात शुक्राणू शून्य असतील तर निरोध थांबवता येतो. थोडेसे, तेही न हालणारे, दिसले तर निर्णय डॉक्टरांचा. हालणारा एकही दिसला तर निरोध चालू ठेवून महिन्याने पुन्हा तपासणी. सहा महिन्यांनंतरही हालचाल दिसली तर शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते. सरकारी केंद्रात नसबंदीचं प्रमाणपत्रही या तपासणीनंतरच मिळतं, तेव्हा अहवालाची झेरॉक्स जपून ठेवा. लैंगिक आजारांपासून नसबंदी वाचवत नाही, तिथे निरोध कायम लागतोच.

क्वचित, साधारण दोन हजारांत एकाला, अहवाल शून्य आल्यावरही पुढे कधीतरी नस जुळते. पत्नीची पाळी चुकली तर आधी घरी गर्भचाचणी करा, आणि ती होकारार्थी आली तर तिच्यावर संशय घेण्याआधी स्वतःची वीर्यतपासणी.