दोरी ओढल्यावर कोण धावतं? असेंब्ली लाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

ट्रेनी इंजिनिअर म्हणून रुजू झालात की पहिल्याच दिवशी 'आमचं कल्चर' स्लाइडवर दाखवतात. ती स्लाइड विसरा. अँडॉनची दोरी, म्हणजे काम अडलं की ऑपरेटर मदतीसाठी ओढतो ती इशाऱ्याची दोरी, ओढल्यावर पुढच्या मिनिटात काय होतं, ते लाइनजवळ उभं राहून बघा.

दोरी ओढली की लाइन जागीच थांबते, हा गैरसमज. टोयोटाच्या पद्धतीत दिवा लागतो, धून वाजते, पण लाइन चालूच असते. टीम लीडर धावत येतो. स्टेशनच्या (लाइनवरच्या त्या कामाच्या जागेच्या) ठरलेल्या रेषेपर्यंत गाडी पोचायच्या आत अडचण सुटली तर इशारा रद्द. नाही सुटली तर लाइन त्या रेषेवर थांबते. हाताशी जेमतेम मिनिटभर. म्हणून पाच ते आठ जणांमागे एक टीम लीडर मोकळा लागतो. गैरहजर ऑपरेटरच्या जागी रोज त्यालाच उभं केलं, की दोरी नुसती शोभेची.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. लाइन थांबवायची नाही हा तिथला दंडक. बिघडलेल्या गाड्या तशाच पुढे जायच्या आणि नंतर आवारात दुरुस्त व्हायच्या. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तिथेच 'नुम्मी' ही कंपनी सुरू केली. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. टीम लीडरना जपानमधल्या टाकाओका कारखान्यात शिकवून आणलं, कामगारांच्या हाती दोरी दिली, आणि त्याच माणसांच्या हातून चांगल्या गाड्या निघू लागल्या. 'आपले कामगारच तसले' म्हणणाऱ्या साहेबांना हे ऐकवा. मनातल्या मनात ऐकवलंत तरी चालेल.

आता खरा खड्डा. दोरी किती वेळा ओढली, तो आकडा कमी करायच्या मागे लागू नका. सोमवारी ४०, शनिवारी ६, साहेब खूश! दोष मात्र तेवढेच. माणसांनी फक्त ओढणं सोडलेलं असतं. तिरका बसलेला बोल्ट स्टेशनवरच पटकन निघतो. वर कार्पेट आणि सीट बसली की त्याच बोल्टसाठी सगळं उतरवावं लागतं. म्हणून दोन आकडे शेजारी मांडा: दोरी किती वेळा ओढली आणि लाइनच्या शेवटी किती दोष सापडले. पहिला उतरला आणि दुसरा चढला, तर लपवाछपवी चालू आहे. पहिला चढून दुसरा उतरत असेल तर उत्तम, मग चार दिवस उत्पादन कमी दिसलं तरी हरकत नाही. दोन्ही उतरले तरच सुधारणा पक्की झाली म्हणा. पुन्हा सांगतो, दोरीच्या आकड्यात शून्य दिसलं की पेढे वाटू नका, घाबरा.

नोंदवहीत स्टेशन, वेळ, दोष, टीम लीडर किती सेकंदांत आला आणि कायमचा उपाय, एवढंच लिहा. ऑपरेटरच्या नावाचा रकाना नको. सकाळच्या मीटिंगमध्ये एकाचं नाव घेतलंत, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी दोरीला हात लावत नाही.

तीन दिवसांच्या काइझेन (सतत सुधारणा) कार्यशाळेने यातलं काही येत नाही. लाइनवर केस पांढरे झालेला टीम लीडर गाठा, "काका, या स्टेशनला कुठे अडतं?" विचारा आणि गप्प ऐका. पहिले दोन महिने काही कळणार नाही, सगळ्यांचंच तसं होतं. पण तेवढ्यात घाईने 'सुधारणा' करून दाखवायला गेलात, तर काका पुन्हा बोलणार नाहीत.

मुलाखतीच्या दिवशी प्लांट दाखवला तर विचारा, मागच्या शिफ्टला दोरी किती वेळा ओढली? "एकदाही नाही" असं छाती फुगवून सांगितलं, तर रीवर्कचा, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्त करायचा, कोपरा दाखवा म्हणा आणि तिथल्या गाड्या मोजा.